अमेरिकेत कायरोप्रॅक्टर निवडायचाय? पद्धतींमधला फरक आणि पहिल्या व्हिजिटची तयारी

कंबर धरली किंवा मान अखडली की इथला कुठलाही मराठी ग्रुप तुम्हाला पाच मिनिटांत तीन कायरोप्रॅक्टर (म्हणजे मणके आणि सांधे हाताने किंवा यंत्राने दाबून उपचार करणारे) सुचवतो, आणि गंमत म्हणजे तिघंही पूर्ण वेगळं काहीतरी करत असतात. एक कटाकट मणके वाजवतो, दुसरा छोट्याशा यंत्राने टिकटिक करतो, तिसरा नुसतं टेबल सावकाश खालीवर हलवतो आणि आवाज म्हणून काही नाही. दारावरची पाटी मात्र तिघांची एकच. नवीन माणसाला वाटतं हा सगळा एकच प्रकार, म्हणजे एकाकडे जाऊन नाही आवडलं तर "हे आपल्याला नाही झेपणार" आणि आवडलं तर "हेच खरं, बाकी सगळे भोंदू".

मी न्यू जर्सीत राहते, नोकरी बसून करायची, कंबरेचं दुखणं जुनं, आणि यातल्या बऱ्याच टेबलांवर पालथं पडून झालंय. डॉक्टर नाहीये, पेशंट म्हणूनच लिहितेय. माझं मत आधीच सांगते, पद्धतीचं नाव दुसऱ्या नंबरवर ठेवा. कायरोप्रॅक्टर तपासतो किती नीट, मानेला हात लावायच्या आधी विचारतो का, आणि "आता यायची गरज नाही" असं कधी म्हणतो, हे पहिल्या नंबरवर. पण पद्धती माहीत नसतील तर हे प्रश्न विचारताच येत नाहीत, म्हणून हा एवढा लांबलचक लेख.

१. हे काम कायरोप्रॅक्टरचं आहे का ते आधी बघा

साधी उसण भरली, वाकताना चमक निघाली, दिवसभर स्क्रीनसमोर बसून मान आणि खांदे दगड झालेत, अशा गोष्टींसाठी कायरोप्रॅक्टरकडे जाणं ठीक आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांमध्येसुद्धा नवीन कंबरदुखीला आधी शेक, मसाज, अ‍ॅक्युपंक्चर, मणक्यांचं मॅनिप्युलेशन (हाताने दाब किंवा झटका देणं) असं काहीतरी करून बघा, गोळ्यांकडे नंतर वळा, असंच म्हटलंय. म्हणजे हे अगदी जडीबुटीवालं प्रकरण नाही. पण चमत्कारही नाही, कारण अभ्यासांचा एकूण सूर असा की कंबरदुखीत मॅनिप्युलेशनचा फायदा व्यायाम किंवा फिजिओथेरपीच्या जवळपास येतो, फार पुढे जात नाही.

खालचं काही असेल तर मात्र कायरोप्रॅक्टर नाही, आधी डॉक्टर:

- लघवी किंवा संडासवरचा ताबा गेला, लघवी अडकली, किंवा बसतो त्या भागात, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आला. हे इमर्जन्सीचं काम आहे, अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही.
- पाय किंवा हात दिवसेंदिवस कमजोर होतोय, पाऊल उचललं जात नाही.
- पाठदुखीबरोबर ताप, कारण नसताना वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, किंवा पूर्वी कॅन्सर झालेला.
- पडल्यावर किंवा कारच्या अपघातानंतर लगेच सुरू झालेलं दुखणं.
- "असं आयुष्यात कधी दुखलं नव्हतं" असं मानेच्या एका बाजूचं अचानक दुखणं, सोबत चक्कर, दोन दोन दिसणं, जीभ जड होणं, गिळायला त्रास, चेहरा बधिर. सरळ ९११.

आणखी एक, भारतातून आलेले आईवडील. सहा महिने इथे राहणार, गुडघे आणि कंबर दुखतेच, मुलगा हौसेने आपल्या कायरोप्रॅक्टरकडे घेऊन जातो. सत्तरीच्या बाईला ऑस्टिओपोरोसिस असण्याची शक्यता चांगलीच असते आणि बऱ्याचदा तो तपासलेलाच नसतो. वडील रक्त पातळ करायच्या गोळ्यांवर असतात. संधिवात म्हणजे र्‍हुमॅटॉइड वाला असेल तर मानेचे वरचे सांधे सैल असू शकतात. अशा वेळी जोरात झटका देणारी पद्धत नकोच. शिवाय व्हिजिटर इन्शुरन्स जुनं दुखणं बहुतेक वेळा कव्हर करत नाही, तेव्हा बिलही खिशातून.

२. डी.सी., डी.ओ., पी.टी. यात घोळ करू नका

हे छोटंसं आहे पण नवीन लोक इथेच फसतात. डी.सी. म्हणजे डॉक्टर ऑफ कायरोप्रॅक्टिक, साधारण चार वर्षांचा स्वतंत्र कोर्स, मग राष्ट्रीय परीक्षेचे चार भाग, मग राज्याचं लायसन्स. नावापुढे डॉक्टर लागतं पण एम.डी. नव्हे, तुमची नेहमीची औषधं हा लिहून देणार नाही. डी.ओ. म्हणजे ऑस्टिओपॅथीचा डॉक्टर, तो मात्र अमेरिकेत पूर्ण डॉक्टर असतो, औषधं, ऑपरेशन सगळं. पी.टी. म्हणजे आपला फिजिओ. बऱ्याच कंबरदुख्यांना पी.टी. तितकाच उपयोगी पडतो, आणि आता पन्नासही राज्यांत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय निदान तपासणीला तरी त्याच्याकडे जाता येतं, तेव्हा कायरोप्रॅक्टर हा एकच रस्ता आहे असं समजू नका.

आणि हो, आपल्याकडचा हाडवैद्य किंवा चंपी झाल्यावर मान कडाकडा मोडणारा न्हावी, यांचा याच्याशी काही संबंध नाही. न्हाव्याला तर मान मोडू देऊच नका, इथे नाही आणि गावाला गेल्यावरही नाही.

३. आत दोन घराणी आहेत, ती ओळखा

पद्धतीच्याही आधी हा फरक कळला की अर्धं काम झालं. १८९५ साली आयोवातल्या डॅव्हनपोर्ट गावात डी. डी. पामर नावाच्या, 'मॅग्नेटिक हीलर' म्हणजे अंगातल्या चुंबकशक्तीच्या नावाने हातांनी उपचार करणाऱ्या माणसाने हार्वी लिलार्ड या सफाई कामगाराच्या पाठीचा मणका दाबला आणि त्याला नीट ऐकू यायला लागलं, अशी या धंद्याची जन्मकथा सांगतात. मणका जागचा हलला की नसांवर परिणाम होतो आणि त्यातून जवळजवळ सगळे आजार, असा पामरचा सिद्धांत. त्या हललेल्या मणक्याला त्यांनी 'सबलक्सेशन' म्हटलं. मुलगा बी. जे. पामर याने शाळा वाढवली, १९१० मध्ये एक्सरेही आणला.

गंमत म्हणजे भांडण तेव्हापासूनच आहे. एक घराणं म्हणतं आम्ही फक्त सबलक्सेशन शोधणार आणि ते दुरुस्त करणार, बाकी व्यायाम, शेक, मसाज हे आमचं काम नाही. यांना स्ट्रेट म्हणतात. दुसरं घराणं म्हणतं सांधा मोकळा करू, स्नायूंवर काम करू, व्यायाम देऊ, गरज पडली तर डॉक्टरकडे पाठवू. ते मिक्सर. बाहेरच्या डॉक्टरांशीही यांचं वाकडंच होतं, अमेरिकन मेडिकल असोसिएशनने यांच्यावर टाकलेला बहिष्कार बेकायदेशीर होता असा निकाल १९८७ मध्ये कोर्टाने दिला, त्यानंतर हळूहळू हॉस्पिटलांचे दरवाजे उघडले.

ओळखायचं कसं? वेबसाइट वाचा. "नर्व्हस सिस्टिमची पूर्ण क्षमता", "सबलक्सेशन", "संपूर्ण कुटुंबासाठी आयुष्यभर", "नवजात बाळांची तपासणी" असे शब्द दिसले की स्ट्रेट कल. "कंबरदुखी, सायटिका, रिहॅब, स्पोर्ट्स" दिसलं की मिक्सर. माझा कौल मिक्सरकडे, लपवत नाही. मणक्यांमुळे दमा, डायबेटिस, कानाचं इन्फेक्शन होतं असं सांगणाऱ्याकडे पाठ तरी का द्यायची?

४. आता पद्धती

प्रत्येक पद्धतीला चारच प्रश्न विचारायचे, हात की यंत्र, मान पिळतात का, एक्सरे लागतोच का, आणि आवाज किती.

डायव्हर्सिफाइड. सगळ्यात जास्त दिसणारी. व्हिडिओत जे कडकड बघता ते बहुतेक हेच. कुशीवर झोपवतात, वरचा गुडघा वाकवून टेबलाबाहेर, खांदा मागे धरतात आणि कंबरेवर एक छोटा पण वेगवान झटका. मानेसाठी पाठीवर झोपवून डोकं किंचित वळवून झटका. तो 'कट्' आवाज म्हणजे हाड जागेवर बसल्याचा पुरावा नाही, सांध्यातल्या द्रवात गॅसची पोकळी तयार होते त्याचा आवाज आहे, बोटं मोडल्यावर येतो तोच. आवाज नाही आला म्हणजे पैसे वाया गेले असंही नाही. ज्यांना झटक्याची भीती नाही, हाडं मजबूत आहेत आणि कंबर जाम झालीय त्यांना लगेच मोकळं वाटतं.

गॉन्स्टेड. विस्कॉन्सिनमधल्या माउंट होरेब या छोट्या गावातल्या क्लॅरेन्स गॉन्स्टेडची. हीसुद्धा हातानेच, आवाजही येतो, पण तपासणी फार बारीक. नर्व्होस्कोप नावाचं दोन टोकांचं यंत्र पाठीच्या कण्यावरून वरपासून खालपर्यंत सरकवतात, ते दोन बाजूंच्या तापमानातला फरक दाखवतं. मग बोटांनी चाचपणी, मग उभं करून पूर्ण पाठीचा एक्सरे, त्यावर रेघा मारून मोजमाप. मानेचं काम बरेचदा खुर्चीत बसवून करतात आणि मान फार पिळत नाहीत, हे मला बरं वाटलं. एकेका मणक्यावर मन लावून काम होतं, सगळीकडे सरसकट कडकड नाही. खटकणारा भाग एक्सरेचा. अमेरिकन कायरोप्रॅक्टिक असोसिएशननेच २०१७ मध्ये सांगितलंय की धोक्याची लक्षणं नसतील तर नव्या कंबरदुखीत पहिले सहा आठवडे एक्सरे नको, आणि सुधारणा दिसतेय का हे बघायला परत परत तर नकोच. त्यामुळे एक्सरेशिवाय हात लावत नाही म्हणणाऱ्याला "का" विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. प्रेग्नंट असाल किंवा तशी शक्यता असेल तर ते आधी सांगा.

थॉम्प्सन ड्रॉप. टेबलाचे वेगवेगळे तुकडे इंचाच्या काही भागाने वर उचलून अडकवलेले असतात, कायरोप्रॅक्टर दाब देतो आणि तो तुकडा धाडकन खाली पडतो. पहिल्यांदा दचकायला होतं, कारण आवाज टेबलाचा असतो आणि आपल्याला वाटतं आपलंच काहीतरी तुटलं. झटका मात्र कमी लागतो कारण टेबल खाली जातं. पिळणं जवळपास नाही. आधी पालथं झोपवून दोन्ही पायांची लांबी बघतात.

अ‍ॅक्टिव्हेटर. हातात मावेल एवढं स्प्रिंगचं यंत्र, रबरी टोक मणक्याजवळ टेकवतात आणि 'टिक्'. १९६० च्या दशकात मिनेसोटातल्या आर्लन फर आणि वॉरन ली यांनी हे आणलं. कुठेही पिळणं नाही, मानेलाही नाही. यातही पायांची लांबी बघतात, "डोकं उजवीकडे वळवा, आता हात पाठीवर ठेवा" असं सांगून प्रत्येक वेळी टाचा जुळतात का बघतात. ज्यांना झटक्याची भीती वाटते, वय झालंय, त्यांना बहुतेक ठिकाणी हेच सुचवतात. पण लक्षात ठेवा, पिट्सबर्गच्या संशोधकांनी २०१५ मध्ये १०७ कंबरदुखीवाल्यांवर तुलना केली, हाताने झटका, हे यंत्र आणि नेहमीचे डॉक्टरी उपचार अशी. चार आठवड्यांनी हाताच्या झटक्याचा गट पुढे होता, यंत्राचा गट डॉक्टरी उपचारांइतकाच. तीन आणि सहा महिन्यांनी मात्र तिघांत सांगण्यासारखा फरक उरला नाही. माझ्या मते ही एक गोष्ट नीट डोक्यात बसली तर पद्धतींच्या नावावरून होणारी निम्मी भांडणं संपतील.

कॉक्स फ्लेक्शन-डिस्ट्रॅक्शन. गादी सरकलीय, नस दबलीय, कळ कुल्ल्यातून पोटरीपर्यंत जातेय, अशांनी याची चौकशी करावी. इंडियानातल्या जेम्स कॉक्स यांची पद्धत. टेबल कंबरेपाशी दुभंगलेलं असतं, पालथं झोपवून कधी घोट्याला पट्टा बांधतात, एक हात कंबरेच्या ठरावीक मणक्यावर आणि दुसऱ्या हाताने टेबलाचा खालचा भाग सावकाश खाली वाकवतात, वर आणतात, परत खाली. झटका नाही, आवाज नाही. पहिल्या पाच मिनिटांत वाटतं हे काय, हा माणूस काही करतच नाहीये. पण नीट करणारा आधी हळूच ताणून विचारतो, "पायात कळ गेली का?" गेली तर थांबतो, ताण कमी करतो. तो हा प्रश्न विचारत नसेल तर तुम्हीच मोठ्याने सांगा.

अप्पर सर्व्हायकल. यांचं सगळं लक्ष मानेच्या वरच्या दोन मणक्यांवर, बाकी पाठ दुखत असली तरी. बी. जे. पामरपासूनची परंपरा, आता नक्का, अ‍ॅटलस ऑर्थोगोनल, ब्लेअर अशा शाखा आहेत. एक्सरे जवळपास ठरलेला, तोही वेगवेगळ्या कोनातून. अ‍ॅडजस्टमेंट म्हणजे मणका जागेवर आणायला दिलेला दाब, तो मात्र इतका हलका की कानामागे कोणी बोट टेकवलं एवढंच कळतं, मग अर्धा तास पडून राहायला सांगतात. मायग्रेन, चक्कर असणारे लोक इकडे बरेच जातात. यांचे दावे मोठे असतात आणि पुरावा त्यामानाने तोकडा, फी जास्त, इन्शुरन्स बरेचदा घेत नाहीत. मी तरी कंबर दुखतेय म्हणून मानेचे एक्सरे काढणार नाही.

बाकीच्या. एसओटी म्हणजे सेक्रो ऑक्सिपिटल, पेल्व्हिसखाली उशीसारखे तिरके ठोकळे लावून आपल्याच वजनावर पडून राहायचं, सौम्य आहे. वेब्स्टर गरोदर बायकांसाठी, पोटाला जागा असलेलं टेबल असतं, पण आपल्या गायनॅकला विचारूनच. अप्लाइड कायनेसिऑलॉजी म्हणजे हात आडवा धरायला लावून दाबून बघणार आणि त्यावरून तुम्हाला गव्हाची अ‍ॅलर्जी आहे की लिव्हर कमजोर आहे ते सांगणार. ही परीक्षा नीट पारखली गेली तेव्हा छापा-काट्यापेक्षा फार पुढे गेलेली नाही, त्यातून सप्लिमेंटच्या बाटल्या विकत मिळतात एवढं नक्की. अ‍ॅक्टिव्ह रिलीज आणि ग्रॅस्टन हे मणक्यांचे नाहीत, स्नायूंचे आहेत, ग्रॅस्टनमध्ये स्टीलच्या पट्टीने घासतात, दुसऱ्या दिवशी काळंनिळं दिसू शकतं, नवऱ्याला आधीच सांगून ठेवा.

प्रत्यक्षात बहुतेक जण दोनतीन पद्धती मिसळूनच वापरतात. म्हणून "कुठली पद्धत" यापेक्षा "माझ्यासाठी कुठली आणि का" हा प्रश्न जास्त कामाचा.

५. फोन करून हे विचारा

वेबसाइटवर फॉर्म भरण्यापेक्षा फोन करा, रिसेप्शनवर बसलेल्या माणसाच्या उत्तरांवरूनच दुकान कसं आहे कळतं.

- मुख्य पद्धत कुठली? मला झटका नको असेल तर दुसरं काय करता?
- एक्सरे सगळ्यांचा काढता की गरज असेल तरच?
- पहिल्या दिवशी तपासणीला किती वेळ? दहा मिनिटं म्हणाले तर पुढचा नंबर फिरवा.
- व्यायाम शिकवता का?
- माझा इन्शुरन्स इन-नेटवर्क आहे का? (नुसतं "आम्ही घेतो" हे उत्तर नाही. घेतो म्हणजे क्लेम पाठवतो, इन-नेटवर्क म्हणजे तुमच्या इन्शुरन्सशी करार केलेले आहोत असं नव्हे.)
- इन्शुरन्सशिवाय पहिल्या आणि नंतरच्या व्हिजिटचा कॅश रेट काय?

फोन झाला की लायसन्स बघा. प्रत्येक राज्याच्या बोर्डाची साइट असते, न्यू जर्सीत कन्झ्युमर अफेअर्स खात्याकडे कायरोप्रॅक्टिक बोर्ड आहे, नाव टाकलं की लायसन्स चालू आहे का आणि काही कारवाई झालीय का ते कळतं. दोन मिनिटांचं काम आहे, रेटिंगचे तारे मोजण्यापेक्षा बरं.

६. सोबत काय न्यायचं

- इन्शुरन्स कार्ड आणि फोटो आयडी
- चालू औषधांची यादी, आयुर्वेदिक आणि होमिओपॅथीसकट, आणि रक्त पातळ करायची गोळी असेल तर ती अधोरेखित करून
- जुने एक्सरे, एमआरआय असतील तर रिपोर्ट आणि सीडी, भारतातले असले तरी चालतात, रिपोर्ट इंग्रजीतच असतो
- ऑपरेशन, फ्रॅक्चर, हाडांची घनता यांची माहिती
- एचएसए किंवा एफएसए (वैद्यकीय खर्चासाठी करमुक्त पैसे ठेवायचं खातं) कार्ड, कायरोप्रॅक्टरचा खर्च त्यात चालतो
- कारचा अपघात असेल तर ऑटो इन्शुरन्सचा क्लेम नंबर, बऱ्याचदा हेल्थ इन्शुरन्सच्या आधी तिकडचं बघायचं असतं
- सैल कपडे. जीन्स आणि जाड बेल्ट घालून कुशीवर गुडघा वाकवून बघा, मग कळेल का म्हणतेय ते.

७. पहिला दिवस कसा असायला हवा

आधी फॉर्म, मग प्रश्न, मग तपासणी, आणि मगच टेबल. तपासणीत गुडघ्यावर हातोडी मारून रिफ्लेक्स, पायाच्या अंगठ्याची ताकद, सरळ पाय वर उचलून कळ येते का, वाकून बघणं, स्पर्श कळतो का, ब्लडप्रेशर, एवढं तरी व्हायला हवं. मानेचं दुखणं असेल तर चक्कर, डोळे, बोलणं याबद्दल विचारायलाच हवं.

संमतीचा कागद सही करायच्या आधी वाचा. त्यात मानेच्या मॅनिप्युलेशनबद्दल ओळ असते. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१४ मध्ये म्हटलंय की मानेच्या झटक्याचा आणि मानेतली रक्तवाहिनी फाटून येणाऱ्या स्ट्रोकचा संबंध आढळतो, थेट कारण तेच असं सिद्ध झालेलं नाही, कारण रक्तवाहिनी आधीच फाटायला लागलेला माणूसही मान दुखते म्हणूनच तिथे पोचतो. हे फार क्वचित होतं, पण पेशंटला आधी सांगायला हवं असंही त्यांनी स्पष्ट लिहिलंय. तुम्हाला मानेला झटका नको असेल तर "माझ्या मानेला झटका देऊ नका" एवढं वाक्य पुरे, कारण द्यायची गरज नाही. त्यावर "घाबरू नका हो, काही होत नाही" म्हणत डोकं धरणारा असेल तर उठा आणि घरी या.

टेबलावर पालथं पडलं की तोंडासाठी फट असते, तिच्यावर कागदाची पट्टी. नाक त्या कागदात अडकतं, श्वास घ्यायला त्रास होतो, सांगा, दुसरा कागद लावतात. आपण लोक इथेही संकोच करतो!

नंतर एकदोन दिवस अंग दुखू शकतं, जिमच्या पहिल्या दिवसानंतर दुखतं तसं. त्याच्यापुढे गेलं, किंवा नवीन मुंग्या, कमजोरी आली तर फोन करा, पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका.

८. बिल वाचायला शिका

यात सगळ्यात जास्त डोकं जातं म्हणून थोडं सविस्तर. बिलावर कोड असतात. ९८९४० म्हणजे मणक्याच्या एकदोन भागांची अ‍ॅडजस्टमेंट, ९८९४१ तीनचार भागांची, ९८९४२ पाचही भागांची. ९८९४३ म्हणजे खांदा, गुडघा असं मणक्याबाहेरचं. तुमची फक्त कंबर बघितली आणि दर वेळी ९८९४२ लागतोय तर विचारा. सोबत ९७११० म्हणजे व्यायाम, ९७१४० म्हणजे हाताने स्नायूंवर काम, ९७०१२ म्हणजे ट्रॅक्शन. प्रत्येकाचे वेगळे पैसे आणि काही प्लॅन यातलं एखादंच देतात.

इन्शुरन्सला फोन करून तीन गोष्टी विचारा आणि बोलणाऱ्याचं नाव, तारीख लिहून ठेवा. डिडक्टिबल (इन्शुरन्स पैसे द्यायला लागायच्या आधी आपण भरायची रक्कम) आधी भरायचं का थेट कोपे (दर व्हिजिटची ठरलेली रक्कम), वर्षाला किती व्हिजिट, आणि आधी परवानगी लागते का. व्हिजिटची मर्यादा पी.टी.बरोबर एकत्र मोजतात का तेही विचारा, कारण तसं असेल तर कायरोप्रॅक्टरकडे उधळलेल्या व्हिजिट नंतर गुडघ्याच्या फिजिओला कमी पडतात. आणि दुखणं बरं झाल्यावर 'मेंटेनन्स' म्हणून जात राहिलात तर बहुतेक प्लॅन ते देत नाहीत.

ग्रीन कार्डवाले, मेडिकेअर (मुख्यतः ६५ च्या पुढच्यांचा सरकारी इन्शुरन्स) असलेले आईवडील असतील तर त्याचा पार्ट बी फक्त मणक्याच्या मॅनिप्युलेशनचे पैसे देतं, तेही दुखणं चालू असताना. कायरोप्रॅक्टरने सांगितलेला एक्सरे, मसाज, तपासणी, काही नाही.

इन्शुरन्स वापरतच नसाल तर लेखी अंदाजपत्रक मागा, गुड फेथ एस्टिमेट म्हणतात त्याला. १ जानेवारी २०२२ पासून मागितलं की द्यावंच लागतं, आणि बिल त्यापेक्षा ४०० डॉलर किंवा जास्त वाढलं तर तक्रार करता येते.

९. नेहमीचे सापळे

मेळ्यातला किंवा मॉलमधला स्टॉल. पाठीवरून यंत्र फिरवून स्क्रीनवर लाल-पिवळ्या पट्ट्या दाखवतात, लाल बघून आपण घाबरतो. तिथे क्रेडिट कार्ड काढायचं नाही.

त्याहून मोठा सापळा म्हणजे आगाऊ पॅकेज. पहिली व्हिजिट जवळजवळ फुकट, दुसऱ्या दिवशी 'रिपोर्ट ऑफ फाइंडिंग्ज' म्हणून नवराबायको दोघांना बोलावतात, मानेचा बाक सरळ झालेला एक्सरे दाखवतात, शेजारी सडलेल्या मणक्याचा प्लास्टिकचा नमुना, आणि मग वर्षभराचा प्लॅन, आज सही केलीत तर सूट. माझ्या ओळखीत एकांनी असा प्लॅन घेतला, मध्येच नोकरी बदलून गाव सोडावं लागलं, आणि झालेल्या व्हिजिट सवलतीच्या रेटने नाही तर पूर्ण रेटने कापून उरलेले किरकोळ पैसे हातात आले. ते कागदावर लिहिलेलंच होतं, बारीक अक्षरात. सरळ झालेला मानेचा बाक तर काही दुखत नसलेल्या कित्येक लोकांच्या एक्सरेतही दिसतो.

"मुलांचीही तपासून घेऊ, कुटुंबासाठी फ्री आहे." नको. बाळ रडतंय, कान दुखतोय, तर पिडियाट्रिशियन.

कारच्या अपघातानंतर अनोळखी नंबरवरून "वकील आणि कायरोप्रॅक्टर दोन्ही आम्ही देतो" असे फोन येतात. उचलू नका.

१०. किती दिवस, आणि कधी थांबायचं

सुरुवातीलाच ठरवून घ्या की दोन ते चार आठवडे करून बघू आणि मग परत मोजू. मोजू म्हणजे खरंच मोजू, "बरं वाटतंय का" असं नाही. वीस मिनिटं सलग बसता येतं का, मोजे घालता येतात का, रात्री किती वेळा जाग येते, हे पहिल्या दिवशी फोनमध्ये लिहून ठेवा आणि चार आठवड्यांनी परत लिहा. काहीच हललं नसेल तर पद्धत बदला किंवा पी.टी. नाहीतर डॉक्टर, पण त्याच टेबलावर त्याच झटक्यासाठी जात राहू नका. फरक पडत असेल तर व्हिजिट विरळ व्हायला हव्यात आणि व्यायाम वाढायला हवा. उलटं होत असेल, म्हणजे बरं वाटूनही आठवड्याला तीनदा बोलावतायत, तर तुमचं दुखणं नाही, त्यांचं कॅलेंडर भरतंय.

सोडताना भांडायची गरज नाही. "सध्या थांबतेय" एवढं सांगा आणि रेकॉर्डची प्रत, एक्सरेची सीडी मागून घ्या, ती मिळणं तुमचा कायदेशीर हक्क आहे, प्रतीचा थोडा खर्च लावू शकतात. ही सीडी जपून ठेवली तर पुढच्या माणसाला परत एक्सरे काढायचं कारण उरत नाही. आणि बहुतेक प्लॅनची व्हिजिटची मोजणी जानेवारीत नव्याने सुरू होते, तेव्हा डिसेंबरच्या शेवटी नवीन कायरोप्रॅक्टर सुरू करत असाल तर शक्य असेल तर दोन आठवडे थांबा.